साडेतीन बाय साडेचार

रशियाला तीन बाय चार लागतो.
कोरियाला साडेतीन बाय साडेचार, जर्मनीलाही तेवढाच.
तुर्कस्तान ऐसपैस, पाच बाय सहा.
अमेरिकेला चौकोन हवा,
पण आमच्या नारिनमधून चौकोनात बसणारे
वर्षाला दोन, फार तर तीन.

कान दिसले पाहिजेत. दात दिसता कामा नयेत.
चष्मा काढा. हनुवटी जरा खाली.
चार वर्षं मी हेच म्हणते आहे
तोलोगोन बाइकेंच्या स्टुडिओत, बाजाराच्या मागच्या दाराशी.
पडदा पांढरा राहावा म्हणून
दर रविवारी तो ब्लीचमध्ये बुडवते,
आणि हिवाळ्यात तो दोरीवर पत्र्यासारखा वाजतो.

अख्खी गल्ली या स्टुलावरून गेली.
एर्किनबेक, तीन बाय चार:
येकातेरिनबुर्गला विटा, मग कमरेला पट्टा,
मग पुन्हा नवा तीन बाय चार.
बुरुलाई, साडेतीन बाय साडेचार:
कोरियात स्ट्रॉबेरीच्या प्लास्टिकघरात.
"इथे जानेवारीतही घाम येतो गं," फोनवर सांगते,
बोटं मात्र कॅमेऱ्यासमोर आणत नाही.
सांजार इस्तंबूलच्या हॉटेलात उशांचे अभ्रे बदलतो.
त्याची आई सांगते, मॅनेजर आहे.
आम्ही मान डोलावतो.

आता माझी पाळी. वय तेवीस.
जर्मन: परीक्षा पास, पण टेबल पुल्लिंगी की स्त्रीलिंगी
हे अजून टेबलाकडे बघूनच ठरवते.
कोरियन: वाचता येतं, कळत नाही.
रशियन: शाळेपासून, शिव्यांसकट.
भाऊ म्हणतो मॉस्कोला ये, खोलीत आम्ही सातच जण आहोत.
सातच.
जर्मनीत म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची.
माझ्या आजोबांना शेवटी मामीने घातली.
मी दाराबाहेर उभी होते,
टॉवेल हातात, तोही विसरून.

काल जेवणाच्या सुट्टीत दाराला कडी घालून
मी स्वतः स्टुलावर बसले. टायमर दहा सेकंदांचा.
लाल दिवा लुकलुकत होता तेवढ्यात दिसलं,
इथून काय दिसतं ते:
लेन्समध्ये इवलीशी खिडकी, उलटी,
खिडकीत उलटा डोंगर, बर्फ खाली, आभाळ त्याच्याही खाली.
सगळे हे बघून गेले असणार,
कोणी बोललं नाही.

कडी वाजली. बात्मा आपा.
शिवणकारखान्यात तीस वर्षं, आता नुसते गुडघे.
"माझा एक काढ. कबरीच्या दगडावर लावायचाय."
सवयीने मी माप विचारलं.
"मोठा. आणि हे बघ, रुमाल काढणार नाही.
आणि हसणार."
हसली. सोन्याचे दोन दात, दोन्ही आले.
कान एकही नाही.
जगातल्या एकाही वकिलातीने
तो फोटो घेतला नसता.

पैसे मोजताना तिला टेबलावर माझा कागद दिसला,
आठ वेळा मी, न कापलेली.
"कुठे निघालीस?"
"ठरलं नाही आपा. साडेतीन बाय साडेचार आहे,
दोन देशांना चालतो."
तिने कात्री उचलली, अंगठ्यावर धार पाहिली,
तोंड वाकडं करून परत ठेवली.
"वाढत्या अंगाचा काप. कडेनं दाब ठेव थोडा."
"आपा, ते लोक मिलिमीटर मोजतात."
"मोजू देत."

मग दारातून वळून तिने विचारलं,
फोटो टिकतो किती?
ऊन लागलं नाही तर बरीच वर्षं, मी म्हटलं.
"तिकडे ऊन फार," ती म्हणाली.
टेकडीवरच्या कबरस्तानाबद्दल म्हणाली की आणखी कुठल्या,
मी विचारलं नाही.
पावती मात्र मागून घेतली तिने,
दगडवाल्याला दाखवायला.